कुत्रे कोणाचे, हे जखमीला विचारू नका



  

अध्यक्षाने वर्षभरातील कायद्यांचा आणि निकालांचा आढावा घ्यावा, अशी वकिलांच्या या राज्यस्तरीय परिषदेची प्रथा आहे. मीही तिथूनच सुरुवात करते. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यातील भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ घ्या. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते आणि दंड होता एक हजार रुपयांपर्यंत. तो आता पाच हजारांपर्यंत गेला. आढाव्यातले हे पहिलेच कलम, आणि मी इथेच थांबणार आहे. बाकीचा आढावा उद्याच्या सत्रांत माझ्यापेक्षा जाणकार मंडळी घेतील. या कलमाच्या अलीकडे-पलीकडे जे रान पडले आहे, त्याबद्दल बोलण्याची मी अनेक वर्षे वाट पाहत होते.

कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे. तरीही शेजाऱ्याचे पाळीव कुत्रे चावले म्हणून ठाण्यात गेलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद पडतो आणि ‘कोर्टात जा’ हा सल्ला. ठाणे अंमलदारासमोर कोणते गुन्हे दखलपात्र हे सांगणाऱ्या परिशिष्टाचे पान उघडून ठेवले की गुन्हा दाखल होतो, हे मी करून पाहिले आहे. पण त्यासाठी वकील सोबत लागतो, आणि कुत्रे चावलेल्या माणसासोबत ठाण्यात जायला आपल्यातले किती जण तयार असतात?

पाळीव कुत्र्याला निदान मालक असतो. रस्त्यावरच्या कुत्र्याचे काय? केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकडेवारीप्रमाणे २०२४ साली देशात ३७ लाखांहून अधिक श्वानदंशांची नोंद झाली. त्यातले पावणेपाच लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले. इतकी माणसे जखमी झाली आणि त्यांच्या दाव्यांसाठी आपल्या राज्यात एकही ठरलेली खिडकी नाही. अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. वाहन ठोकर देऊन पळून गेले, त्याचा नंबरही कळला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. बिबट्याने माणूस मारला तर आपले सरकार २५ लाख रुपये देते. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीसाठी २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याचा हल्ला झाला की वनखात्याचा माणूस गावात येतो, पंचनामा करतो, कागद पुढे जातो. बिबट्या कोणाचा, असे तिथे मेलेल्याच्या आईला कोणी विचारत नाही. ही भरपाई योग्यच आहे, तीत एक रुपयाही कमी होऊ नये. पण त्याच तालुक्यात, त्याच शाळेतले दुसरे मूल कुत्रे चावून रेबीजने गेले, तर त्याच्या घरी पंचनाम्याला कोण येते?

एक प्रकरण सांगते. बाजार समितीत हमाली करणाऱ्या माणसाची आठ वर्षांची मुलगी. दुकानातून साखर आणायला गेली आणि कुत्र्याने तिचा गाल फाडला. रविवार होता. सरकारी दवाखान्यात लस होती, सिरम नव्हते. अशा तिसऱ्या श्रेणीच्या जखमेत नुसती लस पुरत नाही. जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हेच सिरम, द्यावे लागते आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. बापाने उसनवारी करून ते बाहेरून आणले. पुढे लसीचे डोस, गालावरची शस्त्रक्रिया, बुडालेली हजेरी. दावा लावायला तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ एकच कागद होता: केस पेपर. त्यावर ‘डॉग बाइट’ एवढे दोन शब्द आणि औषधांची नावे. कुठे चावले ते नाही, कधी चावले ते नाही, किती दात लागले ते नाही, जखमेची लांबी-रुंदी नाही.

प्रतिवादी नागरी संस्थेची कैफियत आली. तिच्यातले एक वाक्य मला पाठ आहे: ‘सदर कुत्रे हे प्रतिवादींच्या हद्दीतीलच होते, ही बाब वादीने सिद्ध करावी.’ मग उलटतपास. वकीलसाहेबांनी त्या मुलीला विचारले, कुत्र्याचा कान कापलेला होता का? नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आता या प्रश्नातला डाव पाहा. मुलगी ‘हो’ म्हणाली असती, तर आम्ही नसबंदी केली, लस टोचली, आमचा निष्काळजीपणा कुठे, असा युक्तिवाद तयार होता. ‘नाही’ म्हणाली असती, तर कुत्रे बाहेरून आलेले, आमचा संबंध नाही. ती म्हणाली, ‘मी डोळे मिटले होते.’

आणि वर मुदत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ आणि मुंबईपुरते मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ५२७ तुम्हाला माहीत आहे: महापालिकेच्या कसुरीबद्दल दावा लावायचा तर आधी एक महिन्याची नोटीस, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. सहा महिने त्या घराचे दवाखान्यात आणि सावकाराकडे गेले होते. दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर कागदच नव्हते. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे, जी जखमीकडे पुरावा मागते आणि पुरावा तयार होण्याची एकही जागा ठेवत नाही.

रेबीजने मृत्यू झाला तर स्थिती याहून वाईट. लक्षणे दिसायला साधारणतः एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षही उलटते. आणि एकदा लक्षणे दिसली की वैद्यकशास्त्राकडे इलाज नाही. रेबीजच होता याची पक्की खात्री मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीने होते. पाण्याचा घोट घेता येत नाही म्हणून तडफडलेल्या मुलाला ज्यांनी पाहिले, त्या आईबापांकडे तपासणीची परवानगी कोणी मागायची? बहुतेकदा मागितलीच जात नाही. दाखल्यावर ‘संशयित’ असे लिहिले जाते आणि तो एक शब्द पुढे आपल्याच व्यवसायबंधूंच्या हाती शस्त्र होतो.

काल संध्याकाळी आपल्या परिसंवादात मोठा वाद रंगला. कुत्री हटवावीत की जागेवर सोडावीत? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा अर्थ काय? सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश बरोबर, की तो बदलणारा २२ ऑगस्टचा? शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा ७ नोव्हेंबरचा आदेश कितपत पाळला जाईल? वाद जुना आहे. मुंबईत १८३२ साली कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारायला लावली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. मोकाट कुत्र्यांच्याच प्रश्नावर २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल आला, पुढच्याच महिन्यात त्याला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, आणि ते प्रकरण २०२४ च्या मे महिन्यापर्यंत चालले. या सगळ्या काळात कुत्र्याच्या हक्काबद्दल आणि कुत्र्याच्या मरणाबद्दल विद्वत्तापूर्ण युक्तिवाद झाले. ज्याला चावले त्याचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

त्या वादात मी बाजू घेत नाही, कारण जखमीचा हक्क त्या वादाच्या निकालावर टांगलेला नसावा. कुत्र्यांना खाऊ घालणारे विरुद्ध चावा घेतलेले, अशी जी मांडणी काल झाली, ती मला मान्य नाही. माझ्या एका प्रकरणात सगळ्यात भक्कम साक्षीदार होत्या गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भाकरी घालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. समोरच्या बाजूला वाटले, या बाई कुत्र्यांच्या बाजूने बोलणार. त्यांनी वहीच काढली. कोणत्या रंगाचे कुत्रे, गाडी कधी आली, कोणाला नेले, कोणाला परत सोडले, सगळे तारखेसह. पिलांची आई असलेली एक कुत्री अंगावर येते, तिला न्या, असे तीन अर्ज त्यांनी स्वतः दिले होते. पोच होती. गाडी आली नव्हती. त्या वहीवर लोकअदालतीत तडजोड झाली आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाला त्याच्या पायाचा खर्च मिळाला. आपल्या गल्लीतली कुत्री ओळखणारा माणूस जखमीचा शत्रू असतो, असे यापुढे मला कोणी सांगू नये.

दुसरा वाद पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२३ च्या निकालावर झाला. न्यायमूर्ती विनोद भारद्वाज यांनी दर ठरवून दिला: प्रत्येक दाताच्या खुणेला किमान दहा हजार, आणि मांस निघाले असेल तर ०.२ सेंटिमीटर जखमेला किमान वीस हजार रुपये. काल इथे या सूत्राला काही जण हसले. वेदनेचे असे मोजमाप होते का, असे विचारले गेले. मी मोटार अपघाताची प्रकरणे आयुष्यभर चालवली आहेत, म्हणून सांगते. तिथे टक्केवारी आणि गुणक ठरले, तेव्हाच डॉक्टर अपंगत्वाचा दाखला नीट लिहू लागले. दर ठरला की मोजणारा माणूस तयार होतो. दाताला दहा हजार असतील, तर रात्रपाळीचा डॉक्टर दात मोजून केस पेपरवर लिहील. माझ्या हमालाच्या मुलीला ही एक ओळ मिळाली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. आणि त्या निकालातला खरा ऐवज दरात नाहीच. प्रत्येक जिल्ह्यात समिती, चार महिन्यांत निर्णय, आणि पैसे आधी राज्याने द्यायचे. नंतर ज्याची कसूर असेल त्याच्याकडून वसूल करायचे. म्हणजे कुत्रे कोणाचे, हा प्रश्न जखमीच्या डोक्यावरून उतरून सरकारच्या दोन कार्यालयांमध्ये गेला. केरळसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमून जखमींचे अर्ज ऐकायला सुरुवात करून दिली होती. महाराष्ट्र कशाची वाट पाहतो आहे?

इथे कोणी म्हणेल, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जा. रुदुल साह आणि नीलाबती बेहेरा हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आम्हीही वाचले आहेत. जगण्याच्या हक्काचा भंग झाला तर राज्याकडून पैशात भरपाई मागता येते, हे त्यांनीच शिकवले. पण रिट याचिका हा हमालाचा रस्ता नाही. त्याला तालुक्यात किंवा जिल्ह्यात, वकिलाविना भरता येईल असा अर्ज हवा. ग्राहक आयोगही त्याच्या उपयोगाचा नाही, कारण मोफत सरकारी उपचार त्या कायद्यात बसत नाहीत. पीडित भरपाई योजनेला गुन्हा लागतो, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याच्या मागे कोणी आरोपी उभा नसतो. हाताशी उरते ती स्थायी लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २२-अ मध्ये सार्वजनिक स्वच्छतेची व्यवस्था ही लोकोपयोगी सेवा मानली आहे. उघड्या कचऱ्यावर पोसलेली टोळी ही त्या सेवेचीच कसूर आहे, असे मी मांडत आले आहे आणि मांडत राहीन. तिथे न्यायशुल्क लागत नाही. स्त्रिया आणि मुलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या तरतुदी पडून आहेत, कारण आपण त्या वापरत नाही.

हे मला आज स्पष्ट बोलायचे आहे. जमिनीच्या दाव्याला, धनादेशाच्या प्रकरणाला आपल्याकडे वेळ आहे. कुत्रे चावलेला माणूस आला की आपण त्याला ‘इंजेक्शन घ्या आणि विसरून जा’ म्हणतो. निकाल नाहीत, कारण दावे नाहीत. दावे नाहीत, कारण आपण ते दारातूनच परत पाठवले. चावणारी कुत्री ज्या वस्त्यांत अधिक, तिथल्या लोकांकडे आपली फी नाही, यापलीकडे मला कारण दिसत नाही.

काय करायचे, त्याचा कच्चा आराखडा मनात आहे. अर्जाचा एक साधा मराठी नमुना. केस पेपरवर ठिकाण, वेळ, दातांच्या खुणा आणि छायाचित्र यांसाठी रकाने असावेत, म्हणून आरोग्य विभागाला निवेदन. सहा महिन्यांची मुदत श्वानदंशाला लागू नये, अशी दुरुस्ती. आणि वन्यप्राण्यांसाठी जसा कायदा केला तसाच या जखमींसाठीही. मसुदा कोणी लिहायचा, हे कार्यकारिणी ठरवील. मी हात लावायला तयार आहे.

नागरी संस्थांच्या पॅनेलवर असलेले अनेक मित्र समोर बसले आहेत. तुम्ही पक्षकारासाठी लढता, ते तुमचे कामच आहे. पण कैफियतीच्या तुमच्या साच्यात ‘कुत्रे हद्दीतीलच होते हे वादीने सिद्ध करावे’ असा जो परिच्छेद वर्षानुवर्षे जसाच्या तसा उतरतो, तो उद्या कार्यालयात गेल्यावर काढून टाका. पक्षकाराने विचारले, तर परिषदेच्या अध्यक्षांनी सांगितले म्हणून माझे नाव घ्या.