आधी डिपस्टिक पुसा

नगरजवळचा इमामपूरचा घाट चढताना जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही नुसतीच गुरगुरते, इंजिनाचा काटा वर जातो आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. गिअर स्लिप होतोय. लगेच पोटात गोळा आणू नका, आधी गिअरऑइल बघा. बहुतेक गाड्यांत ते सपाट जागी, ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवूनच बघतात. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसा. लाल डाग असेल तर ठीक. काळपट डाग आणि करपट वास आला, तर क्लच प्लेटा झिजल्यात. गुलाबी, दुधाळ फेस म्हणजे कूलर फुटून पाणी शिरलंय. मग गाडी हलवूच नका.

ऑइल चांगलं असेल तर स्कॅनर लावून घ्या. कधीकधी दोष एखाद्या सोलेनॉइडचा किंवा वायरिंगचा निघतो, आणि अख्खा गिअरबॉक्स खोलायचा खर्च वाचतो. तिथंही दोष सापडला नाही, तर ऑइल पॅन काढतात. त्यातल्या चुंबकावर राखाडी गाळ दिसतो, तो चालतो. चकाकते तुकडे निघाले, तर मात्र बॉक्स उघडावाच लागतो.

आणि हो, बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीनं ओढून नगरला आणू नका. इंजिन बंद म्हणजे आतला ऑइलपंपही बंद. चाकांबरोबर आतले भाग कोरडेच फिरतात. चारही चाकं उचलणारी गाडी मागवा.