बोटभर पापलेट कुणी पकडलं?

(महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पालघर जिल्ह्यातल्या एका बंदरावर कोळी बायकांच्या बैठकीला गेले होते. सोबत एक तक्ता नेला होता. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याचा. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. याहून लहान मासा पकडायचा नाही. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झालं. एकदाही अंडी न घालता पिल्लूच जाळ्यात आलं, तर पुढे मासा येणार कुठून? हे मी उत्साहाने समजावत होते. (एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांना ही खोड असतेच!) एका मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, हे आम्हाला कशाला सांगतेस? पाटीत येतं ते समुद्रातून मी आणत नाही."

मी तक्ता गुंडाळला आणि ऐकायला बसले.

या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी असलेल्या कोळ्यांना मासा राखणं नवीन नाही. त्यांची डोल बघा. हे पिशवीसारखं जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. ते माशाचा पाठलाग करत नाही. प्रवाहाबरोबर जे येईल ते घेतं. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीचा जोर उतरला की मासळीही कमी आणि जाळ्यालाही विश्रांती. खुंट कुठे रोवायचे त्या जागा, म्हणजे कवी, गावागावांत वाटलेल्या. त्यावरून भांडणं झाली, अजून होतात, पण समुद्र म्हणजे मोकळं रान नाही ही समज त्यामागे आहे. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर. आज सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै आहे. ती नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवा, ही मागणी पारंपरिक मच्छीमारांचीच आहे.

पण परंपरेचे गोडवे गाऊन आपलं भागणार नाही. डोलीच्या शेपटाकडचे आस बारीक असतात, त्यात पिल्लंही अडकतात. हे मला कुणा शास्त्रज्ञाआधी वलांडीवर बोंबील सुकवणाऱ्या बाईनेच सांगितलं.

तरीही दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. पर्ससीन जाळं माशांचा अख्खा थवाच घेरतं. त्यावर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. १९८१ च्या राज्याच्या मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दंड वाढवला. कागद भरपूर आहेत! पण रात्री समुद्रात गस्त घालण्यापेक्षा सकाळी बाजारात पाटी उपडी करणं सोपं असतं, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

बैठकीत खरा पेच पुढेच आला. कुणीतरी सुचवलं, आपण लिलावात लहान पापलेटवर बोलीच लावायची नाही. बऱ्याचजणींनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक विधवा बाई म्हणाली, "मोठं पापलेट व्यापारी उचलतो. माझ्या भांडवलात बारीकच येतं. मी काय विकू?"

कुणी काही बोललं नाही. मलाही उत्तर सुचलं नाही.

तिला बाजूला ठेवून मासा वाचवायचा, असं मला मान्य नाही. आणि तिच्या नावाने पिल्लं मारत राहणंही मान्य नाही, कारण मासा संपला की सर्वांत आधी तिचीच पाटी रिकामी होणार. मोजपट्टी लावायची तर आधी बोटीवर लावा, मग पाटीवर. मोठ्या आसाची जाळी घ्यायला लहान होडीवाल्यांना मदत द्या. बंदीच्या दोन महिन्यांत विकणाऱ्या बाईचंही उत्पन्न बुडतं, ते हिशेबात धरा. आणि आस केवढे असावेत, बंदी किती दिवस पाळावी हे जिथे ठरतं, त्या मच्छीमार सोसायटीत बायकांना सभासद करून घ्या. मासळीचा आकार वर्षागणिक कसा उतरला, हे रोज हाताळणारीला ठाऊक आहे. पण ठरवताना तिला विचारतं कोण?

लिलावाचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. पुढची बैठक ठरली आहे. येताना तक्ता नको, सोसायटीच्या पोटनियमांची प्रत घेऊन ये, असं मावशींनी मला बजावलं आहे.