दिवा लागला म्हणून लगेच पार्ट बदलू नका

गटाची गाडी टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघाली. उभी असताना इंजिन थडथडतंय, समोर इंजिनाचा पिवळा दिवा. मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड येतो पी ०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. का पेटत नाही, ते कोड सांगत नाही.

पेट्रोल-सीएनजी गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर म्हणा, "दादा, पहिली-दुसरी कॉइल अदलाबदल करून बघा." कोड पी ०३०२ झाला, तर कॉइल खराब. तसाच राहिला, तर आधी प्लग बघा, मग इंजेक्टर.

पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. गटाचा पैसा अंदाजावर घालवू नका.