बाटली सगळ्यांची, नाव कुणाचंच नाही



अमेरिकेत ओरेगन राज्यात व्हर्नोनिया नावाचं गाव आहे. त्या काळी लाकूडतोडीवर जगणारं, वस्ती अगदी छोटी. अशा गावात शाळेचा संघ म्हणजे गावाचा जीव की प्राण. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शिक्षकांना दिसू लागलं, की पोरं वर्गात उद्धटपणा करतात आणि आम्ही नशा करतो असं बिनदिक्कत सांगतात. यात म्होरके कोण? खेळाडूच!

शाळेने व्याख्यानं ठेवली (आम्हा व्याख्यात्यांच्या धंद्याचा काही उपयोग झाला नाही), हुंगणारा कुत्रा आणला. शेवटी १९८९मध्ये नियम झाला : खेळायचंय, तर लघवी तपासून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांची, पुढे दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून दहा टक्क्यांची. मुलगा पाठमोरा उभा, मागे बारा-पंधरा फुटांवर देखरेख करणारा माणूस. नमुना हातात आला की तो कोमट आहे ना, हे तो बघणार. गंमत म्हणजे खेळाडू ताकदीसाठी घेतात त्या स्टेरॉइडची तपासणी यात नव्हतीच.

सातवीतल्या एका मुलाने फुटबॉलसाठी नाव दिलं. त्याच्यावर कसलाही संशय नव्हता. त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी संमतिपत्रावर सही केली नाही. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९५मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शाळा जिंकली. न्यायमूर्ती स्कालिया यांचं म्हणणं असं, की चारचौघांत कपडे बदलणाऱ्या खेळाडूंना खासगीपणाची अपेक्षा मुळातच कमी असते.

मला खटकतं ते पुढचं. संशय असलेल्यांचीच तपासणी का नको? तर तो बदनामीचा शिक्का ठरेल आणि पालकांना ते रुचणार नाही, असं निकालपत्रच म्हणतं. सरसकट तपासणीला मात्र पालकसभेत एकमुखी होकार! विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. शाळेसमोरच्या हॉटेलापाशी पोरं गांजाच्या विड्या एकमेकांना देत होती, ते दिसत होतं. म्हणजे संशयाला जागा होती, तो कुणावर घ्यायचा हेही दिसत होतं. पण गावच्या लाडक्या खेळाडूच्या बापाला जाऊन सांगणार कोण? त्यापेक्षा सगळ्यांच्याच हाती बाटली देणं सोपं. माझ्या मते हा मोठ्यांचा भित्रेपणा होता.

आणि हाती काय लागलं? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३मध्ये सुमारे ७६ हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली. तपासणी होणाऱ्या आणि न होणाऱ्या शाळांत नशेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. याउलट ओरेगनमध्येच १९९०च्या दशकात ‘ॲटलस’ हा उपक्रम झाला. संघातलीच मुलं छोटे गट करून आहार, व्यायाम आणि स्टेरॉइड यांवर बोलत, प्रशिक्षक सोबत असत. तिथे स्टेरॉइड घेण्याकडचा कल कमी झालेला दिसला.

समोर काही क्रीडाशिक्षक बसले आहेत, त्यांना एकच विनंती. एखाद्या पोराचं लक्षण ठीक दिसलं नाही, तर आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, मग त्याच्या घरी जा. संघातून काढायचं ते अगदी शेवटी, कारण मैदान सुटलं की तो तुमच्या नजरेआड होतो.