जिची गोष्ट, तिचा होकार

(कागल पंचतारांकित एमआयडीसी परिसरातल्या महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादून.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय ‘मुलांमधील निर्णयक्षमता आणि अनुभवकथन’ असा भारदस्त छापलाय. काल रात्री जेवताना तुमच्यातल्या एकीनं मला विचारलं, “ताई, बायकांच्या शिबिरात पोरांचा विषय कशाला? इथं तरी पोरं सोडून बसू दे की आम्हाला!” प्रश्न रास्त आहे. तिथूनच सुरुवात करते.

आपल्या बैठकांत आपण दोन वाक्यं सतत ऐकतो. कर्ज काढायचं का, ऑपरेशन करायचं का, असं विचारलं की बाई म्हणते, “घरात विचारून सांगते.” आणि स्वतःबद्दल दोन शब्द बोला म्हटलं की म्हणते, “माझं काय सांगण्यासारखं असतंय?” ही दोन वाक्यं मला वेगळी वाटत नाहीत. आपल्या आयुष्यात जे घडलं ते सांगण्याजोगं आहे असंच जिला वाटत नाही, ती पुढं काय घडावं ते ठरवणार कशी? ही सवय काही पस्तिसाव्या वर्षी लागत नाही. ती नऊ-दहाव्या वर्षापासून लागायला लागते. म्हणून हा विषय बायकांच्या शिबिरात.

गेली काही वर्षं मी या वसाहतीच्या कडेच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये मुलांचा गट चालवते. चौथी ते सहावीची मुलं. हा भाग तुमच्या ओळखीचा आहे. पुणे-बंगळूर महामार्गालगत कागल आणि हातकणंगले तालुक्यांत पसरलेली वसाहत, फाउंड्र्या, कापडाचे कारखाने आणि भोवती कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली, हुपरी अशी गावं. गटात जमीन वसाहतीत गेलेल्या घरातली मुलं आहेत, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची आहेत, सीमेपलीकडून आलेली कन्नड बोलणारी आहेत. आईबापांच्या पाळ्या बदलतात तसं मुलांचं जेवण, झोप, अभ्यास सगळं बदलतं.

पहिल्याच दिवशी मी ‘माझी आई’ या विषयावर बोलायला सांगितलं. एक मुलगी उठली आणि घडाघडा म्हणाली, “माझी आई पहाटे उठते. सडा-रांगोळी करते. देवाला दिवा लावते.” मला तिची आई माहीत होती. ती कोअर शॉपमध्ये रात्रपाळी करायची आणि सकाळी साडेसातला घरी येऊन अंग टाकायची. पहाटे उठून चूल-पाणी बघायची ती ही मुलगीच. पण निबंधाच्या पुस्तकातल्या आईनं तिच्या खऱ्या आईला बाजूला सारलं होतं. तिचं स्वतःचं पहाटे उठणंही त्यात कुठं नव्हतं.

मी दुसऱ्यांदा विचारलं, “आज सकाळी काय काय झालं?” ती गप्प. मग हळूच म्हणाली, “ते लिवायचं असतंय व्हय?”

मैत्रिणींनो, आमचं काम त्या प्रश्नापासून सुरू झालं.

आम्ही केलं ते साधं होतं. प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची. एका मुलानं गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली खोलीची किल्ली दाखवली. मग आम्ही चार प्रश्न विचारायचो. काय झालं? तेव्हा तुला काय वाटलं? तेव्हा काय काय करता आलं असतं? तू काय केलंस आणि मग काय झालं? किल्लीवाल्या मुलाची गोष्ट अशी निघाली, की एकदा किल्ली हरवली, धाकटी बहीण रडत होती आणि आई सुटायला तीन तास होते. कारखान्याच्या गेटवर जायचं, कुलूप फोडायचं, की शेजारच्या काकूकडं बसायचं? तो काकूकडं बसला. “पण काकू आईला बोलणार हे ठाऊक होतं,” तो म्हणाला. त्यानं तीन वाटा तोलल्या होत्या. ‘निर्णय’ हा शब्द त्याला माहीत नव्हता, इतकंच. गोष्ट सांगता सांगता तो त्याला सापडला. हे वय त्यासाठी फार चांगलं. ‘असं केलं असतं तर’ हा विचार या मुलांना जमायला लागलेला असतो आणि मोठ्यांपासून सगळंच लपवायचं वय अजून आलेलं नसतं.

भाषेचंही सांगते. आपल्या कोल्हापूरकडच्या मुली “मी येतो, मी जातो” म्हणतात. आम्ही एक नियम केला, की गोष्ट चालू असताना कुणाचीही भाषा दुरुस्त करायची नाही. भोजपुरीत सांगा, कन्नडमध्ये सांगा. दुसरं मूल मराठी करून सांगेल. वाक्य दुरुस्त करायला घेतलं की मूल वाक्य सांभाळतं आणि गोष्ट सोडून देतं.

आता निर्णयाचं. इथं आमची पहिली फजिती झाली. सहलीला कुठं जायचं ते मुलांना ठरवायला सांगितलं आणि गाडी मात्र आधीच पन्हाळ्याची ठरवून ठेवली होती. चर्चा झाली, हात वर झाले, मुलांनी रंकाळा म्हटलं. आम्ही समजूत घालून पन्हाळा केला. पुढच्या खेपेला मुलं म्हणाली, “तुम्हीच सांगा, काय ठरवायचं ते.” खोटं विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, हे मी तिथं शिकले. घरातही आपण हेच करतो ना? मुलीला विचारतो, “निळा फ्रॉक की पिवळा?” आणि पिवळा म्हणाली की “अगं, निळाच घे, मळत नाही.”

मग महिन्याच्या खाऊचे पैसे आम्ही खरोखर मुलांच्या हातात दिले. पहिल्या महिन्यात मोठ्या आवाजाच्या चार मुलग्यांनी सगळं ठरवलं आणि पैसे पहिल्याच आठवड्यात संपले. आम्ही भर घातली नाही. पुढच्या महिन्यापासून हात वर करण्याऐवजी डब्यात खडे टाकायला सुरुवात झाली. कुणाचा खडा कुठं पडला ते कळत नाही, म्हणून मुलींचे खडे पडायला लागले. आणि आठवड्यानं परत बसून बघायचं, की ठरवलं ते कसं झालं. चुकलं तर कुणाला बोल लावायचा नाही, फक्त पुढं काय बदलायचं ते ठरवायचं.

इथवर सगळं छान वाटतंय. आता मला जे सांगायला जड जातं ते सांगते.

गटात अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिनं एक गोष्ट लिहिली. आईची रात्रपाळी असली आणि वडील पिऊन आले, की ती धाकट्या भावाला उठवून जिन्यात जाऊन बसायची, आवाज थांबेपर्यंत. आतून कडी लावून घ्यायची की बाहेर पडायचं, हे ती पायातल्या चपलांच्या आवाजावरून ठरवायची. वाचून मी हलले. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला आमचा महिला दिनाचा कार्यक्रमही दिसला. मी तिला विचारलं, “वाचशील का सगळ्यांसमोर?” तिनं मान हलवली. मी तो होकार धरला.

आठ मार्चला तिनं वाचलं. बायका रडल्या, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. तिसऱ्या रांगेत तिची आई मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या दिवसापासून मुलगी गटात आली नाही. मी घरी गेले तेव्हा आई दारातूनच म्हणाली, “ताई, तुमचा कार्यक्रम झाला. आमची खोली तीच हाय.”

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा मला तोंडपाठ. पण त्या गोष्टीनं पहिल्यांदा जायला हवं होतं ते आईकडं, तुला कसली मदत हवी असं विचारत. मी ती माईककडं नेली. मुलांना निर्णय शिकवणाऱ्या बाईनं, या मुलीच्या सगळ्यात मोठ्या निर्णयात, म्हणजे आपली गोष्ट कुणाला सांगायची आणि किती, त्यात तिला फक्त मान हलवायला ठेवलं.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. गोष्ट गटाबाहेर नेण्याआधी मुलाला तीन प्रश्न. कुणी ऐकलेली चालेल? किती सांगायची? नाव घालायचं का? उत्तर लगेच घ्यायचं नाही, आठवड्यानं परत विचारायचं. गोष्टीत घरचं कुणी असेल तर आधी त्या माणसाशी बोलणं. आणि शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हटलं तरी ते शेवटचं. अहवाल, फोटो, देणगीदार सगळे त्यानंतर.

पण दोन ठिकाणी मुलांवर निर्णय सोडायचा नाही, हेही तितकंच ठाम. कुणी अंगाला वाईट हात लावला, असं मूल सांगत असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं आपल्याला ते पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून गटाच्या पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवायचं, की तुमच्या गोष्टी मी गुपित ठेवीन, पण तुम्हाला कुणी इजा करत असेल तर गप्प बसणार नाही. १०९८ हा नंबर प्रत्येक मुलाला पाठ हवा.

आणि दुसरं, “तिला विचारलं की, तीच म्हणाली शाळा नको.” किंवा “तिलाच लग्न पसंत हाय.” हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. धाकट्या भावाला सांभाळून, हुपरीच्या चांदीकामात घरबसल्या हात लावून दमलेल्या मुलीनं शाळा नको म्हटलं, तर तो तिचा निर्णय नव्हे. शाळा तिचा हक्क आहे, २००९ च्या कायद्यानं चौदा वर्षांपर्यंत. लग्न अठराच्या आत नाही, हा २००६ चा कायदा. मोठ्यांनी उचलायचं ओझं ‘तिची मर्जी’ म्हणून तिच्या डोक्यावर द्यायचं नाही.

हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर काय सांगाल? बालहक्क संहितेवर भारतानं १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली आणि मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं, हे तिच्या बाराव्या कलमात आहे, हे सांगाच. पण त्याआधी हे सांगा, की १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. याच कागलच्या आनंद यादवांनी शाळेसाठी बापाशी, गरिबीशी केलेली झटापट ‘झोंबी’त सांगितली. ते पुस्तक १९८७ चं, म्हणजे लेखकाच्या पन्नाशीनंतरचं. आणि कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांचे स्वतःचे अनुभव हेच शिकण्याचं साधन मानलं गेलं.

यादवांचं मला राहून राहून आठवतं. त्यांनी ती गोष्ट सांगितली, पण कधी सांगायची ते त्यांनी ठरवलं. दहाव्या वर्षी कुणी व्यासपीठावर उभं करून ती त्यांच्याकडून वदवून घेतली नव्हती.

ती मुलगी चार महिन्यांनी परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी तिची माफी मागितली, सगळ्या गटासमोर, कारण चूकही सगळ्यांसमोरच झाली होती. तिची आई बऱ्याच दिवसांनी, तिच्या सवडीनं, आपल्या सल्ला केंद्रात येऊन बसली. मुलगी आता लिहिते, कागदाची घडी घालते आणि डब्यात टाकते. घडीवर कधी लिहिलेलं असतं ‘ताईंनी वाचावं’, कधी ‘कोणी वाचू नये’. मी तसंच करते.

तुमच्याकडं माझं मागणं एवढंच. आपल्या गटातल्या बायकांच्या मुलांसाठी आठवड्यातला एक तास काढा. एक वस्तू, चार प्रश्न, एक खरा निर्णय. आणि गोष्ट ऐकून डोळे भरून आले, तर माईककडं हात जाण्याआधी त्या मुलाला विचारा, “हे मी कुणाला सांगू का?” नाही म्हणालं, तर त्याला निर्णय घेता यायला लागला, असं समजा.