अनुदानाच्या नस्तीतला इतिहास



अत्याचारांतून वाचलेल्या माणसांच्या निर्वाहासाठी दिला जाणारा पैसा आणि त्या अत्याचारांविषयीच्या शिक्षणासाठी दिला जाणारा पैसा हे दोन खर्च अंदाजपत्रकात वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली पडत असले, तरी दोहोंचा आधार पुष्कळदा एकच कागद असतो, आणि तो म्हणजे मदत मागणाऱ्याने केलेला अर्ज, असे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे. या दुहेरी खर्चाचा जगातला सर्वांत विस्तृत अनुभव होलोकॉस्टमधून वाचलेल्या ज्यूंच्या बाबतीत नोंदला गेला आहे. १९३३ ते १९४५ या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील ज्यूंचा जो पद्धतशीर छळ केला आणि सुमारे साठ लाख ज्यूंचा जो संहार केला, त्याला होलोकॉस्ट ही संज्ञा आहे. या अनुभवाचा मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर पैनगंगा नदीच्या काठी शोधण्याचा येथे प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की सहसा कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचे नाव घेतले जाते. १९४३ पासून पुढील चार-पाच वर्षे तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले हे खरे. पण त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होते, त्यांना सोव्हिएत राजवटीने पोलंडमधून हद्दपार केले होते, आणि छावणीचा खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकार सोसत होते. तेव्हा वळिवड्याला होलोकॉस्टच्या इतिहासात सरसकट बसवणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. त्याहून जवळचा धागा मुंबईत आहे. १९३४ मध्ये तेथे ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली आणि जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेल्या कुटुंबांना तिने आधार दिला. त्याच वर्षी मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने आकाशवाणीची ओळखधून बांधली, जी अर्धशतकाहून अधिक काळ घरोघरी पहाटे ऐकली गेली. परंतु हे सारे आश्रयाचे इतिहास आहेत. अत्याचार सोसलेल्यांना सरकारने पैसे द्यावेत का, कोणत्या पुराव्यावर द्यावेत आणि त्यातला किती वाटा स्मरणासाठी राखावा, हा प्रश्न मराठी मुलखात खऱ्या अर्थाने उभा राहिला तो, मराठवाडा ज्याचा भाग होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मुक्तिसंग्रामाच्या संदर्भात. दोन्ही घटनांचे प्रमाण, हेतू आणि स्वरूप यांची तुलना करणे हा येथील उद्देश नाही आणि तशी तुलना अनुचितही होईल. तुलना आहे ती नंतरच्या कारभाराची.

युद्ध संपल्यावर भरपाईचा विचार सुरू झाला, तेव्हा तो नैतिक वादळातूनच पुढे गेला. १९५१ मध्ये न्यूयॉर्क येथे तेवीस ज्यू संघटनांनी एकत्र येऊन क्लेम्स कॉन्फरन्स, म्हणजे जर्मनीकडे भौतिक दावे मांडणारी परिषद, स्थापन केली. जर्मनीशी वाटाघाटी करणे म्हणजे रक्ताचा पैसा घेणे होय, असे मानणाऱ्यांचा विरोध इतका तीव्र होता की १९५२ च्या जानेवारीत जेरुसलेममध्ये विरोधी नेते मेनाखेम बेगिन यांच्या अनुयायांनी इस्रायलच्या संसदेवर दगडफेक केली. तरीही १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे करार झाला, आणि त्यानुसार पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क व क्लेम्स कॉन्फरन्सला पंचेचाळीस कोटी मार्क देण्याचे मान्य केले. या दुसऱ्या रकमेतून वृद्धांची देखभाल, उद्ध्वस्त समाजांची पुनर्बांधणी आणि काही प्रमाणात संशोधन व दस्तऐवजसंग्रह यांना अनुदाने मिळाली. म्हणजे पोट आणि पोथी या दोहोंची सोय पहिल्यापासून एकाच थैलीतून झाली, आणि भांडणही पहिल्यापासून त्याच थैलीवरून राहिले. पुढे पूर्व जर्मनीतील वारस न उरलेली ज्यू मालमत्ता परिषदेच्या ताब्यात आली, तेव्हा तिच्या उत्पन्नाचे साधारण ऐंशी टक्के वाचलेल्यांच्या कल्याणाला आणि वीस टक्क्यांपर्यंत शिक्षण, संशोधन व दस्तऐवजांना, असे धोरण ठरले. औषधाला पैसे नसलेला एकही वृद्ध जिवंत असेपर्यंत ग्रंथालयाला पैसा कशासाठी, हा वाचलेल्यांपैकीच अनेकांचा सवाल होता, आणि तो सहज खोडून काढता येण्याजोगा नाही.

मराठवाड्याकडे वळण्यापूर्वी या व्यवस्थेतील एक तपशील जवळून पाहणे आवश्यक आहे. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यावर निर्माण झालेल्या एका निवृत्तिवेतन निधीसाठी सुरुवातीची अट अशी होती की अर्जदार छळछावणीत किमान सहा महिने असला पाहिजे, किंवा घेट्टोत म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, अथवा लपून, किमान अठरा महिने राहिलेला असला पाहिजे. ही मुदत पुढील वाटाघाटींत पुष्कळ शिथिल झाली. भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजना असे नाव मिळालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनाची मूळ अटही सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची किंवा तितक्याच काळाच्या भूमिगत जीवनाची होती. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ती तीन महिन्यांची होती. दोन वेगळ्या खंडांतील दोन वेगळ्या प्रशासनांना दुःख मोजण्यासाठी महिन्यांखेरीज दुसरे माप सापडले नाही. पाच महिने आणि अठ्ठावीस दिवस तुरुंगात काढलेल्या माणसाने कमी सोसले, असे कोणताही कारकून मानत नाही, पण शेरा मात्र त्याला तसाच मारावा लागतो.

हैदराबाद संस्थानात १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली तेव्हापासून ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याच्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात येईपर्यंत जो लढा चालला, त्याच्या अखेरच्या वर्षात कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार या निमलष्करी स्वयंसेवक दलाच्या अत्याचारांमुळे आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी-सेनगाव भागातून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाणे हा अनेक कुटुंबांपुढचा एकमेव मार्ग उरला होता. नदीचा एक काठ निजामाचा आणि दुसरा मध्य प्रांताचा, या भूगोलामुळेच उमरखेडसारख्या सीमेवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या शक्य झाल्या. वसमत तालुक्यातील वापटी गावचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले, आणि वसमतला त्यांच्या नावाने बहिर्जी स्मारक महाविद्यालय उभे आहे; पुतळ्याऐवजी महाविद्यालय हा स्मारकाचा प्रकार या जिल्ह्याला फार पूर्वी सुचला, ही गोष्ट अभिमानाने नोंदवण्यासारखी आहे.

या लढ्यातील माणसांना निवृत्तिवेतन मिळवताना जे कागद जमवावे लागले, त्यांची एक नस्ती डोळ्यांसमोर आणावी. वरती विहित नमुन्यातील अर्ज, त्याखाली तुरुंगाचा दाखला, तो न मिळाल्यास दोन सहबंद्यांची प्रमाणपत्रे, वॉरंटची किंवा निवाड्याची नक्कल आणि तिच्यासोबत उर्दूचे मराठी भाषांतर, शेवटी तहसीलदारांचा अहवाल, आणि समासात लिपिकाने काढलेल्या त्रुटी. या जिल्ह्यापुरती आणखी एक अडचण अशी की हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे आधीच्या काळाचा शोध परभणीपासून सुरू करावा लागतो. आणि १९५६ मध्ये संस्थानाचे तुकडे तीन राज्यांत गेल्यामुळे निजामी दप्तराचा मोठा भाग हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. आपला तुरुंगवास सिद्ध करण्यासाठी ज्या सत्तेने तुरुंगात टाकले तिच्याच दप्तराकडून दाखला आणावा लागतो, हा विरोधाभास युरोपातही होता आणि येथेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, हैदराबादेतील आर्य समाजाच्या आंदोलनातील सहभागींच्याच प्रकरणात, अर्ज उशिरा आला म्हणून हक्क नाकारता येणार नाही असे म्हटले, आणि २००१ मध्ये दुसऱ्या एका निकालात असे स्पष्ट केले की येथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागता येणार नाही, संभाव्यतेची कसोटी पुरेशी आहे.

शिथिलतेचा गैरफायदा घेतला गेला हेही लपवण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण चौकशी समिती, निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग आणि सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या चढले, आणि तेव्हापासून मराठवाड्यात खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाकडेही संशयाने पाहण्याची एक वाईट सवय लागली. ज्यांना वाटते की हा दोष येथल्याच मातीचा, त्यांनी न्यूयॉर्ककडे पाहावे: २०१० मध्ये क्लेम्स कॉन्फरन्सच्याच काही कर्मचाऱ्यांनी खोट्या अर्जांच्या साहाय्याने पैसे लाटल्याचे उघडकीस आले, आणि एकूण रक्कम पुढे सुमारे पाच कोटी सत्तर लाख डॉलर भरली. परिषदेने स्वतःच तपास यंत्रणेकडे धाव घेतली, दोषींना शिक्षा झाल्या, आणि निधी चालू राहिला. इतिहासाच्या दृष्टीने बनावट अर्जही निरुपयोगी नसतो. कोणत्या प्रकारचे दुःख सरकारला पटते याची लोकांना काय कल्पना होती, हे त्यातून जितके कळते तितके खऱ्या अर्जातूनही कळत नाही.

परंतु मराठवाड्यातील व्यवस्थेचा मूलभूत उणेपणा याहून वेगळा आहे. येथील योजनेच्या नावातच सन्मान आहे, भरपाई नाही. ती लढणाऱ्यासाठी आहे, सोसणाऱ्यासाठी नाही. जिचे घर जळाले पण जी कोणत्याही छावणीच्या हजेरीपटावर नव्हती, जी मुले घेऊन रात्री नदी उतरली आणि पोलीस कारवाईनंतर परत येऊन पुन्हा शेतात राबली, त्या बाईसाठी योजनेत रकाना नाही. त्याचप्रमाणे सप्टेंबर १९४८ नंतरच्या सूडसत्रात ज्या मुस्लिम कुटुंबांचा बळी गेला, त्यांच्यासाठीही नाही. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा अंदाज होता आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचा नांदेड होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगताना हा अहवाल झाकायचा, किंवा हा अहवाल सांगताना रझाकार झाकायचे, या दोन्ही रीती राजकारणाला सोयीच्या आहेत. नंदापूरला जन्मलेल्या आणि कुरुंद्याचे नाव लावणाऱ्या विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या जिल्ह्यात तरी त्यांपैकी कोणतीच चालू नये. होलोकॉस्टच्या भरपाईत लढलेला आणि न लढलेला हा भेद पात्रतेचा निकष राहिला नाही, आणि मराठवाड्याने त्या अनुभवातून घ्यावे असे सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर ते हेच.

आता शिक्षणाकडे. जर्मनीतील बाड आरोल्सेन येथील संग्रह हा मुळात हरवलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी आणि भरपाईच्या दाव्यांची पडताळणी करण्यासाठी उभा राहिला. सुमारे तीन कोटी कागद आणि पावणेदोन कोटी माणसांच्या नोंदी असलेला तो संग्रह २००७ पर्यंत संशोधकांना बंद होता. तो उघडला गेला आणि २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आला. कारकुनी कामाचा कागद अशा रीतीने इतिहासाचे साधन झाला, आणि त्यातूनच शाळांचे पाठ तयार झाले. दरम्यान साक्षीदार संपत चालले आहेत: २०२४ च्या आरंभी जगभरात वाचलेले सुमारे दोन लाख पंचेचाळीस हजार उरले होते आणि त्यांचे मध्यक वय शहाऐंशी होते. म्हणूनच २०२२ पासून जर्मन सरकारने कल्याणनिधीला हात न लावता शिक्षणासाठी स्वतंत्र रक्कम देण्याचे मान्य केले. मराठवाड्यात १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूलही २०२४ मध्ये त्याच वयाचे झाले. राज्य शासनाने २०२२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांचे मासिक निवृत्तिवेतन दहा हजारांवरून वीस हजार केले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु लाभार्थी कमी होत जातील तसा या लेखाशीर्षावरचा खर्च आपोआप घटेल, आणि घटलेली रक्कम कोठे जाते याचा विचार साहित्यसंस्थांनी आजवर केलेला नाही. सतरा सप्टेंबरला ध्वजारोहण होते, भाषणे होतात, मुलांना खाऊ मिळतो आणि साडेनऊपर्यंत मैदान रिकामे होते. बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद मात्र वर्षभर खपत असतो.

प्रस्तुत अध्यक्षपीठाची सूचना अशी की या घटत्या खर्चाचा एक-पंचमांश भाग स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील चार जिल्ह्यांमधील निवृत्तिवेतन नस्त्यांच्या जतनासाठी बांधून घ्यावा, आणि त्यात मंजूर नस्त्यांइतक्याच नामंजूर नस्त्याही असाव्यात, कारण रकान्यात न बसलेल्या माणसांचा माग असलाच तर तो तेथेच आहे. अभिलेखकक्षातील रुमालात बांधलेले कागद मुदत संपली म्हणून नाशनास पाठवण्याच्या यादीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रतिमा घेतल्या जाव्यात. नस्त्यांत आरोप आहेत, नावे आहेत, आणि त्या नावांची नातवंडे त्याच गावांत राहतात, म्हणून त्या सरसकट खुल्या करता येणार नाहीत; बाड आरोल्सेन उघडायला साठ वर्षे लागली त्यामागे अशीही एक काळजी होती. प्रवेशाचे नियम इतिहासकार, वकील आणि हिंदू व मुस्लिम या दोन्ही समाजांतील ज्येष्ठ यांनी बसून ठरवावेत. मौखिक साक्षींचे काम मात्र कोणत्याही मंजुरीची वाट न पाहता सुरू होऊ शकते. दर नोव्हेंबरात स्वातंत्र्यसैनिकांच्या विधवा बँकेत किंवा कोषागारात हयातीचा दाखला देण्यासाठी येतात, ज्यांना येववत नाही त्यांच्या घरी कोणीतरी जातेच; जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी येत्या नोव्हेंबरपासून त्या कामात एक विद्यार्थी आणि एक ध्वनिमुद्रक सोबत द्यावा, आणि पतीच्या तुरुंगवासाविषयी विचारून झाल्यावर त्या बाईला त्या वर्षी ती स्वतः कोठे होती, हेही विचारावे.