घराची जाहिरात आणि ग्राहकाची दक्षता



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही आपल्याकडील जुनी म्हण. घर म्हणजे माणसाच्या पुंजीची आणि धीराची परीक्षा, हा तिचा आशय. पूर्वी जागेचा व्यवहार ठरला म्हणजे चतुःसीमा सांगितली जाई. पूर्वेस कोणाचे घर, दक्षिणेस कोणती वाट, हे गावातील चार जाणती माणसे तोंडपाठ सांगत. विकणारा, घेणारा आणि साक्षीदार एकमेकांना ओळखत असत.

आज या बाजाराचा मोठा भाग संकेतस्थळांवर भरतो. घरे व भूखंड यांच्या खरेदीविक्रीसाठीच वाहिलेली संकेतस्थळे आपल्या देशात सुमारे वीस वर्षांपूर्वी सुरू झाली. मुंबई-पुण्याच्या सदनिकांपासून तालुक्याच्या गावालगतच्या भूखंडांपर्यंत सर्व काही तेथे विक्रीस मांडलेले दिसते. या सोयीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. नोकरीनिमित्त परगावी असलेल्या माणसास घरबसल्या दहा ठिकाणचे दर ताडून पाहता येतात. वडिलोपार्जित घर विकणाऱ्यास गावाबाहेरचा ग्राहक मिळतो. लहान गावातील प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकाची माहितीही थोड्या खर्चात दूरवर पोहोचते. परंतु संकेतस्थळावर चतुःसीमा सांगणारा शेजारी नसतो. तेथे छायाचित्र दिसते, दर दिसतो आणि दूरध्वनीचा क्रमांक दिसतो. जाहिरात खरी की खोटी याची ग्वाही मात्र तेथे मिळेलच असे नाही.

समजा, एखादे शिक्षक सेवानिवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली. शहरात मुलाजवळ राहावे म्हणून त्यांनी जाहिरात पाहिली आणि आगाऊ रक्कम भरली. पुढे इमारतीस परवानगीच नव्हती असे निघाले, तर गेलेली रक्कम पुन्हा साठविण्यास त्यांच्याजवळ नोकरीची वर्षे उरलेली नसतात. म्हणून जाहिरात पाहणे आणि पैसे देणे या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे, ती प्रत्येकाने ओळखली पाहिजे. ती पायरी म्हणजे पडताळणी.

या पडताळणीसाठी कायद्यानेच साधन उपलब्ध करून दिले आहे. संसदेने २०१६ मध्ये स्थावर संपदा अधिनियम संमत केला आणि त्याच्या उर्वरित तरतुदी १ मे २०१७ रोजी अंमलात आल्या. त्यानुसार आपल्या राज्यात महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, कार्य करीत आहे. नियोजन क्षेत्रातील प्रकल्पाची नोंदणी झाल्याखेरीज त्याची जाहिरात करता येत नाही, नोंदणीरक्कम घेता येत नाही आणि विक्रीही करता येत नाही. या तरतुदीचा भंग करणाऱ्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीकृत प्रकल्पांची विक्री करून देणाऱ्या मध्यस्थांनाही नोंदणी सक्तीची आहे.

प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचे स्वतंत्र पान महारेराच्या संकेतस्थळावर असते. किती सदनिकांची नोंदणी झाली, कोणत्या मंजुऱ्या मिळाल्या, कोणत्या बाकी आहेत, काम कोठवर आले, ही माहिती प्रवर्तकाने दर तीन महिन्यांनी तेथे अद्ययावत ठेवावयाची असते. जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे देणे बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोड छापणेही आवश्यक झाले आहे. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर तो धरला की प्रकल्पाची माहिती उघडते. याचा अर्थ असा की, खाजगी संकेतस्थळावर वाचलेली प्रत्येक गोष्ट शासकीय नोंदीशी ताडून पाहण्यास काही क्षण पुरतात. जाहिरातीत क्रमांकच नसेल, तर तो का नाही, हा पहिला प्रश्न विचारावा.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली क्षेत्रफळाची. ‘सुपर बिल्टअप’च्या मोठ्या आकड्याने भुलून न जाता चटई क्षेत्र, म्हणजे सदनिकेच्या आत प्रत्यक्ष वापरावयाचे क्षेत्र, किती ते पाहावे. दुसरी रकमेची. विक्रीचा लेखी करार करून त्याची नोंदणी केल्यावाचून प्रवर्तकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. तिसरी पुराव्याची. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्यामुळे नुकसान झाल्यास भरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास व्याजासह रक्कम परत मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तथापि संकेतस्थळावरील मजकूर आज असतो, उद्या पुसला जातो. यास्तव पैसे देण्यापूर्वीच जाहिरातीची प्रत तारखेसह जपून ठेवावी.

नोंदणी म्हणजे सर्व जोखमीतून मुक्तता, असा मात्र समज करून घेऊ नये. नोंदणीमुळे माहिती उघड होते. ती वाचण्याचे काम ग्राहकाचेच असते. शिवाय सर्वच मालमत्ता या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठांपेक्षा अधिक नसतील, तर नोंदणी लागत नाही. एखाद्याने स्वतःचे जुने घर विकावयास काढले, तर त्यासही ती लागत नाही. अशा वेळी सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधकांकडील दस्तांचा शोध यांचाच आधार घ्यावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता शासनाच्या संकेतस्थळावरूनही मिळतो.

ग्रामीण भागात तर अधिक सावध राहावे लागते. ‘एक गुंठा, निसर्गरम्य परिसर’ अशा जाहिराती पुष्कळ दिसतात. ती जमीन शेतीची आहे काय, हे सातबारावरून पाहावे. कारण कूळ कायद्यानुसार, काही अपवाद सोडल्यास, शेतजमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून विकत घेता येत नाही. तसेच गावठाणातील घर विकताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो करआकारणीचा उतारा होय. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. हा भेद पंचायत सदस्यांनी उतारा मागावयास येणाऱ्या प्रत्येकास समजावून दिला, तर कितीतरी कुटुंबांची फसवणूक टळेल.

शाळेतील संगणकावर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या प्रकल्पाचे पान उघडून दाखवावे. मुलगा घरी जाऊन ते वडिलांना सांगेल. ग्रामसभेत अर्धा तास या विषयासाठी ठेवावा. कायदा ग्राहकाच्या पाठीशी उभा आहे. परंतु पैसे देण्यापूर्वी त्याची आठवण झाली, तरच त्याचा पुरा उपयोग होतो. पूर्वी जागा घेणाऱ्यास चतुःसीमा सांगणारी चार जाणती माणसे गावात होती. आजच्या बाजारात ती जबाबदारी सरपंच, शिक्षक आणि अधिकारी यांच्यावर येऊन पडली आहे.